विश्लेषण : जुगारी उमराव की टेबलावरून न उठणारा मंत्री? सकाळच्या सँडविचमागचा माणूस कोण?

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी सकाळची लोकल पकडायची, तर कामशेतमधल्या अनेक घरांत न्याहारीसाठी जेमतेम दहा मिनिटे उरतात. पोहे करायचे तर कांदा चिरणे आले, फोडणी आली आणि नंतर बशी घेऊन बसणेही आले. अशा वेळी ब्रेडचे दोन स्लाइस, थोडे लोणी, हिरवी चटणी आणि काकडी-बटाट्याचे काप कामी येतात. एका हातात न्याहारी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन स्टेशन गाठता येते.

या न्याहारीला आपण ज्या नावाने ओळखतो, ते इंग्लंडमधील एका उमरावाच्या किताबाचे नाव आहे. जॉन माँटेग्यू, चौथे अर्ल ऑफ सँडविच. पत्ते खेळता खेळता त्यांनी पावात मांस घालून मागवले, एवढीच त्यांची ओळख जगात उरली आहे. प्रत्यक्षात ते तीन वेळा ब्रिटनचे नौदलमंत्री होते. मावळात मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला शरण आणले, त्या जानेवारीतही ते याच पदावर होते. मग जुगाराची गोष्ट कितपत खरी? आणि त्यांच्या आयुष्यात याहून सांगण्यासारखे काय होते?

‘सँडविच’ हे नाव मुळात कशाचे?

सँडविच हे इंग्लंडच्या केंट परगण्यातील एका जुन्या बंदराचे नाव. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स परदेशातून परतून गादीवर बसला. त्याला आणणाऱ्या आरमाराचे नेतृत्व एडवर्ड माँटेग्यू यांनी केले होते. या कामगिरीबद्दल त्यांना ‘अर्ल ऑफ सँडविच’ हा किताब मिळाला. त्यांनी आधी पोर्ट्समथ या मोठ्या बंदराच्या नावाचा विचार केला होता, असे सांगितले जाते. तसे झाले असते, तर आज आपण डब्यात पोर्ट्समथ नेले असते.

या पहिल्या अर्लचा आपल्याकडच्या इतिहासाशीही धागा जुळतो. चार्ल्सचा विवाह पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशी ठरला, तेव्हा तिला लिस्बनहून इंग्लंडला आणण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. १६६२ मध्ये ती इंग्लंडला पोहोचली. याच विवाहाच्या करारात पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला दिले. सँडविचला नाव देणारे जॉन माँटेग्यू हे या पहिल्या अर्लचे खापरपणतू.

जॉन माँटेग्यू यांचे बालपण कसे होते?

त्यांचा जन्म नोव्हेंबर १७१८ मध्ये लंडनमध्ये झाला. चार वर्षांचे होण्याआधीच वडील गेले. आईने पुढे दुसरा विवाह केला आणि तिच्याशी त्यांचा फारसा संबंध राहिला नाही. १७२९ मध्ये आजोबा वारले आणि अवघ्या दहाव्या वर्षी जॉन चौथे अर्ल झाले.

किताब मोठा होता, पण त्यामागे पैसा नव्हता. हिंचिंगब्रुक हा वाडा होता. मात्र तेव्हाच्या इतर इंग्रज सरदारांच्या मानाने जमिनीचे उत्पन्न तुटपुंजे होते. त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे. बहुतेक उमरावांना सरकारी पद शोभेसाठी लागे; माँटेग्यू यांना ते घर चालवण्यासाठी लागले. काम करणे हा त्यांचा नाइलाज होता आणि पुढे त्यांना त्याची गोडीही लागली.

शिक्षण ईटन आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. पदवी न घेताच ते युरोप फिरायला निघाले. श्रीमंत घरांतील तरुण तेव्हा फ्रान्स आणि इटली पाहून परतत. विशीच्या उंबरठ्यावरचे माँटेग्यू मात्र जहाज घेऊन ग्रीस, तुर्कस्तान आणि इजिप्तपर्यंत गेले. अथेन्सहून त्यांनी एक कोरीव शिलालेख आणला आणि तो आपल्या कॉलेजला दिला. १७४१ मध्ये लंडनमध्ये इजिप्तविषयी आस्था असणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. पूर्वेकडच्या देशांत पोळीसारख्या रोटीत मांस आणि भाजी गुंडाळून खाण्याची पद्धत जुनी आहे. सँडविचची कल्पना त्यांना तिथेच सुचली असावी, असा तर्क काही जण करतात. त्याला लेखी पुरावा नाही.

नौदलाशी संबंध कसा आला?

१७४४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांची नौदलाचा कारभार पाहणाऱ्या अ‍ॅडमिरल्टी मंडळावर नेमणूक झाली. जहाज चालवण्याचा त्यांना अनुभव नव्हता. पण हिशेब, गोद्या, लाकूडसाठा, पगार असल्या रुक्ष बाबींत ते लक्ष घालत. पुढे युरोपातील युद्ध मिटवण्यासाठी त्यांना राजदूत म्हणून पाठवण्यात आले. १७४८ चा एक्स-ला-शापेलचा तह ठरवणाऱ्यांत ते होते. फ्रेंचांनी जिंकलेले मद्रास याच तहाने इंग्रजांना परत मिळाले.

त्याच वर्षी ते ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ दि अ‍ॅडमिरल्टी’, म्हणजे आजच्या भाषेत नौदलमंत्री झाले. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. सरकारी गोद्यांची स्वतः फिरून पाहणी करायची, कामगार किती आणि काम किती याची नोंद घ्यायची, ही पद्धत त्यांनी सुरू केली. दरबारी राजकारणात १७५१ मध्ये पद गेले. त्यानंतरचे दशक त्यांनी बहुतांशी सत्तेबाहेर काढले.

याच काळात घरातही पडझड झाली. पत्नी डॉरथी यांची मानसिक प्रकृती बिघडत गेली आणि १७५५ मध्ये दोघे वेगळे झाले. पुढे मार्था रे या तरुण गायिकेशी त्यांचे सूर जुळले. लग्न होणे शक्य नव्हते. तरीही मार्था त्यांच्या घरात जवळपास पत्नीसारख्याच राहिल्या. दोघांना मुले झाली. त्यांतील बेसिल माँटेग्यू पुढे नावाजलेले कायदेपंडित झाले.

मग बदनामी कशी झाली?

याचे उत्तर १७६३ च्या नोव्हेंबर महिन्यात मिळते. जॉन विल्क्स हा पत्रकार आणि खासदार राजावर व मंत्र्यांवर कडाडून टीका करत होता. लंडनच्या सामान्य माणसांचा तो लाडका होता. त्याला अडकवण्यासाठी सरकारने त्याच्याशी संबंधित एक अश्लील काव्य मिळवले. ते उमरावांच्या सभागृहात वाचून दाखवण्याचे काम माँटेग्यू यांनी केले. त्या वेळी ते परराष्ट्र व्यवहार पाहणारे मंत्री होते.

अडचण अशी की माँटेग्यू स्वतः काही सोवळे नव्हते. विल्क्सबरोबर ते एकेकाळी एकाच रंगेल मित्रमंडळात वावरत असत. मित्राला दगा देणारा ढोंगी, असा शिक्का त्यांच्यावर बसला. त्या काळी गाजत असलेल्या एका संगीतिकेत आपल्या साथीदाराला पकडून देणारे जेमी ट्विचर नावाचे पात्र होते. लोकांनी ते नाव त्यांना चिकटवले, ते आयुष्यभरासाठी.

जुगाराच्या टेबलाची गोष्ट आली कुठून?

आता तारखा शेजारी ठेवून पाहू. विल्क्स प्रकरणाला दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, १७६५ मध्ये, पिएर-जाँ ग्रोस्ले हा फ्रेंच प्रवासी लंडनला आला. १७७० मध्ये त्याने लंडनवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक मंत्री सलग चोवीस तास जुगाराच्या टेबलावर बसून होता आणि तेवढ्या वेळात भाजलेल्या पावाच्या दोन कापांमधील गोमांसाखेरीज त्याने काही खाल्ले नाही, असा किस्सा त्याने दिला. त्याने मंत्र्याचे नाव घेतले नाही. पण पदार्थाला त्या मंत्र्याचेच नाव पडले, असे म्हटल्याने वाचकांना ओळख पटायला वेळ लागला नाही. हा पदार्थ आपल्या मुक्कामातच लोकप्रिय झाला, असेही तो सांगतो.

इथे एक गोष्ट जुळत नाही. इतिहासकार एडवर्ड गिबन यांनी नोव्हेंबर १७६२ मध्येच आपल्या रोजनिशीत लंडनच्या एका क्लबातील रात्रीच्या खाण्याचे वर्णन करताना सँडविचचा उल्लेख केला आहे. तो पदार्थ म्हणजे काय, हे सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही. याचा अर्थ ग्रोस्ले येण्याच्या तीन वर्षे आधीच हे नाव रुळलेले होते. ग्रोस्ले याने चोवीस तासांची ती बैठक स्वतः पाहिली, असेही दिसत नाही. बदनाम मंत्र्याविषयी शहरात जे बोलले जात होते, ते त्याने टिपून घेतले असण्याची शक्यता अधिक.

माँटेग्यू यांचे आधुनिक चरित्रकार एन. ए. एम. रॉजर यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात वेगळी बाजू मांडली. त्या काळच्या उमरावांच्या मानाने माँटेग्यू यांचा जुगार किरकोळ होता. मोठ्या रकमा उधळण्याची त्यांची ऐपतच नव्हती. उलट पहाटे उठून कामाला बसणे आणि तासन् तास कागद उपसत राहणे यासाठी ते ओळखले जात. अर्ज एका पानात मावला तर उत्तर लगेच मिळेल, पान उलटावे लागले तर उशीर होईल, अशी त्यांची तंबी असल्याची आठवण सांगितली जाते. अशा माणसाने एका हातात लेखणी असताना दुसऱ्या हाताने खाता येईल असे काही मागवले, हे जुगाराच्या किश्शापेक्षा अधिक पटते.

पक्का पुरावा कोणत्याच बाजूला नाही. पण दोन्ही गोष्टींत एक मुद्दा समान आहे : टेबल सोडायचे नव्हते आणि हात माखू द्यायचे नव्हते. सँडविच जन्मले ते या गरजेतून.

१७७९ मध्ये मावळात आणि लंडनमध्ये काय घडत होते?

१७७१ मध्ये माँटेग्यू तिसऱ्यांदा नौदलमंत्री झाले आणि अकरा वर्षे त्या पदावर राहिले. कॅप्टन जेम्स कुक यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सागरी मोहिमेला त्यांचा भक्कम पाठिंबा होता. १७७८ मध्ये कुक हवाई बेटांवर पोहोचले, तेव्हा त्यांनी त्यांना ‘सँडविच बेटे’ असे नाव दिले. दक्षिण अटलांटिकमधील साउथ सँडविच बेटे आजही त्यांच्या नावाने आहेत. भारताच्या बाजूच्या समुद्रात अ‍ॅडमिरल एडवर्ड ह्यूज यांना आरमार देऊन पाठवण्यात आले, तेही याच काळात.

१७७९ हे वर्ष उजाडले तेव्हा रघुनाथरावांना पुण्याच्या सत्तेवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून मावळात उतरली होती. ही मोहीम मुंबईच्या कौन्सिलने आखलेली. लंडनच्या नौदलमंत्र्याचा तिच्याशी थेट संबंध नव्हता. सुमारे ३,९०० सैनिक आणि त्यांच्या सामानासाठी १९ हजारांहून अधिक बैल, असा तो पसारा होता. साहजिकच फौज दिवसाला जेमतेम तीन-चार किलोमीटर सरकत होती. ४ जानेवारीला कार्ले येथे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या शौर्याने प्रभावित झालेल्या मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि वडगावात त्याची समाधी लोक आजही दाखवतात.

कार्ल्याहून इंद्रायणीच्या खोऱ्याने, आजच्या कामशेतच्या परिसरातून, फौज ९ जानेवारीला तळेगावला पोहोचली. मराठ्यांनी गाव आधीच जाळून रिकामे केले होते. धान्य नाही, वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून आणि साठा पेटवून इंग्रज मागे फिरले. महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्यांना वडगावजवळ घेरले. १६ जानेवारीला इंग्रजांना तह करावा लागला. लढाई केवळ तोफांनी जिंकली जात नाही, सैनिकाच्या पोटात काय जाते यावरही ती ठरते, हे मावळाने तेव्हा दाखवून दिले. वरिष्ठांनी बंगालमधून हा तह नंतर धुडकावला आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

वडगावची बातमी लंडनला पोहोचायला समुद्रमार्गाने काही महिने लागणार होते. पण त्याच जानेवारीत माँटेग्यू यांच्यापुढे दुसरे संकट उभे होते. फ्रान्सविरुद्धच्या एका अनिर्णित लढाईवरून अ‍ॅडमिरल ऑगस्टस केपेल यांच्यावर लष्करी खटला सुरू झाला. विरोधी पक्षाने तो नौदलमंत्र्याचा कट असल्याचे म्हटले. ११ फेब्रुवारीला केपेल निर्दोष सुटले आणि लंडनमध्ये दंगा उसळला. जमाव अ‍ॅडमिरल्टीच्या दारावर चालून गेला.

तीनच दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, त्यांच्याच नावाच्या बेटांवर कुक मारले गेले. ती बातमी लंडनला कळायला पुढचे वर्ष उजाडले.

सर्वांत मोठा घाव एप्रिलमध्ये बसला. ७ तारखेच्या रात्री मार्था रे नाटक पाहून कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहातून बाहेर पडत होत्या. जेम्स हॅकमन नावाच्या तरुणाने त्यांना गोळी घालून ठार केले. आधी सैन्यात असलेला आणि नुकताच धर्मोपदेशक झालेला हा तरुण त्यांच्यावर एकतर्फी प्रेम करत होता. दुसऱ्या पिस्तुलाने त्याने स्वतःवरही गोळी झाडली, पण तो वाचला. बारा दिवसांत त्याला फाशी झाली. माँटेग्यू त्या रात्री अ‍ॅडमिरल्टीत होते. वृत्तपत्रांनी महिनोन् महिने या प्रकरणाचे चवीने वर्णन केले. खुन्याविषयी हळहळ व्यक्त झाली. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्या वाट्याला चेष्टा आली.

त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब काय?

अमेरिकी वसाहतींच्या युद्धात ब्रिटन हरले आणि त्याचे खापर नौदलावर, पर्यायाने माँटेग्यू यांच्यावर फुटले. टीकेत तथ्य होते. फ्रान्स युद्धात उतरेल याची तयारी वेळेत झाली नव्हती आणि जहाजे अनेक समुद्रांत विखुरलेली होती. मात्र नव्या संशोधकांनी दुसरी बाजूही दाखवली आहे. जहाजांचे तळ तांब्याच्या पत्र्याने मढवण्याचा मोठा निर्णय त्यांच्याच काळात अमलात आला. त्यामुळे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जहाजे वाचली आणि त्यांचा वेगही वाढला. मार्च १७८२ मध्ये लॉर्ड नॉर्थ यांचे सरकार पडले आणि माँटेग्यू यांचे पद गेले. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, त्यांनी नेमलेल्या अ‍ॅडमिरल रॉडनी यांनी कॅरेबियन समुद्रात फ्रेंच आरमाराचा पराभव केला. विजयाची बातमी आली तेव्हा श्रेय घ्यायला ते खुर्चीत नव्हते.

उरलेली वर्षे त्यांनी संगीतात घालवली. जुने संगीत वाजवणारी मैफल लंडनमध्ये १७७६ पासून भरत असे. तिच्या आधारस्तंभांपैकी ते एक. १७८४ च्या भव्य हँडेल महोत्सवातही त्यांचा सहभाग होता. वाद्यवृंदात नगारे वाजवण्याची त्यांना हौस होती. तरुणपणी ते क्रिकेटचेही चाहते होते. चालण्यात मात्र कमालीचा धांदरटपणा होता. ते रस्त्याच्या दोन्ही कडांनी एकाच वेळी चालतात, अशी थट्टा मित्र करत. ३० एप्रिल १७९२ रोजी त्यांचे निधन झाले.

बेटांना पुढे ‘हवाई’ हे स्थानिक नाव परत मिळाले, खटल्याचे कागद दप्तरात गेले, नगारे थांबले. राहिले ते दोन कापांमधले नाव.

सँडविच मराठी घरात कसे आले?

हाताने धरून खायची न्याहारी आपल्याला कोणा लॉर्डने शिकवलेली नाही. मावळातला शेतकरी भातलावणीला निघताना भाकरीवर ठेचा आणि कांदा घेऊन फडक्यात बांधत आला आहे. भाकरी हेच ताट आणि तीच शिदोरी. फरक एवढाच, की तिला कोणा मंत्र्याचे नाव मिळाले नाही.

पाव मात्र बाहेरून आला. हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यात यीस्ट नव्हते तेव्हा माडाच्या सुरीने पीठ फुगवून पाव भाजले जात. तिथून आणि वसई-मुंबईकडून पाव पश्चिम किनाऱ्यावर पसरला, मग घाट चढला. चौकोनी स्लाइस ब्रेड त्यामानाने नवा. ब्रेडचे काप करणारे यंत्र अमेरिकेत १९२८ मध्ये पहिल्यांदा व्यापारी वापरात आले. मुंबईने त्या इंग्रजी सँडविचचे रूपच बदलले. थंड मांसाच्या जागी उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट आणि कांदा आला. त्यावर हिरवी चटणी आणि चाट मसाला. आज शाळेच्या डब्यापासून स्टेशनबाहेरच्या गाडीपर्यंत हेच सँडविच दिसते.

घरी दहा मिनिटांत कसे करावे?

दहा मिनिटांचे गणित जमते ते आदल्या रात्रीमुळे. चार जणांसाठी दोन मोठे बटाटे उकडून, गार करून फ्रिजमध्ये ठेवावेत. चटणीही रात्रीच वाटावी : कोथिंबिरीची अर्धी जुडी, थोडा पुदिना, दोन-तीन हिरव्या मिरच्या, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि चमचाभर डाळे. डाळ्यामुळे चटणी घट्ट राहते आणि ब्रेडमध्ये पाणी उतरत नाही. वाटताना पाणी शक्य तितके कमी घालावे.

सकाळी आठ स्लाइस घ्यावेत. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला मऊ लोणी कडेपर्यंत लावावे. हे केवळ चवीसाठी नाही. लोण्याचा थर भाजीचे पाणी अडवतो आणि ब्रेड लगदा होत नाही. त्यावर चटणी.

नंतर थर लावावेत. सर्वांत खाली बटाट्याचे काप, कारण ते कोरडे असतात. त्यावर काकडी, मग टोमॅटो आणि हवा असल्यास बीट, कांदा. काकडी-टोमॅटोवर आधीच मीठ घालू नये; मिठाने त्यांना पाणी सुटते. मीठ आणि चाट मसाला अगदी शेवटी, वरचा स्लाइस ठेवण्याआधी भुरभुरावा. हलक्या हाताने दाबून तिरके कापावे.

भाजायचे असेल तर तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटे पुरतात. वर छोटी जड थाळी ठेवली की रंग सारखा येतो. डब्यात द्यायचे असेल तर भाजलेले सँडविच आधी दोन मिनिटे जाळीवर निवू द्यावे. गरम असताना झाकण लावले तर वाफ धरते आणि कुरकुरीतपणा जातो.

पोटभरीचे हवे असेल तर बटाट्याऐवजी कुस्करलेले पनीर, उकडलेल्या अंड्याचे काप किंवा रात्रीची उरलेली मटकीची कोरडी उसळ घालावी. गव्हाचा ब्रेड घेतला तर भूक जास्त वेळ लांबते. पण पाकिटावरचा घटकांचा तपशील वाचावा. रंग तपकिरी असला म्हणजे तो पूर्ण गव्हाचा असतोच असे नाही.

आणि जॉन माँटेग्यू यांचे काय?

त्यांच्यावरचे सगळे आरोप खोटे होते, असे म्हणता येणार नाही. विल्क्स प्रकरणात ते दुटप्पी वागले आणि युद्धातील चुकांची जबाबदारीही त्यांची होती. पण एका प्रवाशाने ऐकीव किस्सा लिहिला आणि तीस वर्षांहून अधिक काळ सार्वजनिक जीवनात असलेल्या माणसाची जगभर तेवढीच ओळख राहिली. फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबावे, याचे अडीचशे वर्षे जुने उदाहरण म्हणूनही त्यांच्याकडे पाहता येईल.

उद्या सकाळी लोकलच्या दारात उभे राहून कोणी सँडविच खाताना दिसले, तर त्यात जुगाऱ्याचा आळस नाही. कामाला उशीर होऊ नये म्हणून धडपडणाऱ्या माणसाची ती न्याहारी आहे. बहुधा पहिल्या सँडविचचीही गोष्ट तीच असावी.